जीटीए ५: रात्रीच्या ट्रॅफिकच्या सलग प्रकाशरेषा कशा आणायच्या?

घाटवळण:
जीटीए ५ या व्हिडिओ गेममधल्या डेल पेरो फ्रीवेवरच्या पुलावर उभं राहून रात्रीचे स्क्रीनशॉट काढतोय. खऱ्या कॅमेऱ्याचं शटर १० सेकंद उघडं ठेवलं की गाड्यांच्या दिव्यांच्या लांबच लांब रेषा उमटतात, तशा हव्या आहेत. मोशन ब्लर (हलत्या वस्तू धूसर दाखवणारी गेमची सेटिंग) पूर्ण वाढवला तरी दिवे जेमतेम फरफटल्यासारखे दिसतात. पीसीवर खेळतो.

रात्रपाळी:
मोशन ब्लर एका फ्रेमपुरताच, म्हणजे व्हिडिओतल्या एका चित्रापुरताच असतो, त्याच्याकडून ही अपेक्षा नको. फ्रेम्स एकावर एक चढवाव्या लागतात. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ६० एफपीएसने (सेकंदाला ६० फ्रेम्स) १० सेकंद रेकॉर्ड करा, ६०० फ्रेम्स मिळतील. बिटरेट (व्हिडिओचा दर सेकंदाचा डेटा) भरपूर ठेवा, नाहीतर काळ्या आकाशात चौकटी दिसतात. एचयूडी (पडद्यावरचा नकाशा, आकडे वगैरे) बंद, आणि कॅमेरा तसूभरही हलायला नको.

मग व्हिडिओच्या फ्रेम्स सुट्या करून फोटोशॉपमध्ये एकाच स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये (अनेक चित्रं एकत्र ठेवणारा लेयर) घ्या आणि स्टॅक मोड (ती चित्रं कशी मिसळायची तो पर्याय) ‘मॅक्सिमम’ करा. प्रत्येक पिक्सेलची सगळ्यांत उजळ किंमत टिकते, त्यामुळे दिवा जिथून जिथून गेला तिथे उमटतो. ‘मीन’ सरासरी काढतो. क्षणभर चमकून गेलेला दिवा ६०० फ्रेम्समध्ये विरून जातो. गेममधल्या वेस्पुची बीचवरच्या लाटांना मात्र मीनच लावा. पाणी धुक्यासारखं मऊ होतं, मला तर ते रेषांपेक्षा जास्त आवडतं!

घाटवळण:
जमलं! पण रेषा सलग नाहीत, ठिपक्यांची माळ दिसतेय.

रात्रपाळी:
ताशी ९० किमीने जाणारी गाडी ६० एफपीएसला दोन फ्रेम्सच्या मध्ये ४० सेंटिमीटरहून जास्त सरकते. तेवढी जागा कोरी राहते. रॉकस्टार एडिटरमध्ये (खेळाच्या क्लिप संपादित करायचं गेममधलंच साधन) क्लिप घ्या, कॅमेरा एका जागी पक्का करा आणि स्लो मोशन लावा. वेग पाव केलात की अंतरही पाव. मोशन ब्लर इथे खरा कामाला येतो, उरलेली फट तो भरतो. शिवाय तेच ट्रॅफिक दुसऱ्या कोनातून पुन्हा टिपता येतं.

शटरबंद:
रीशेड या गेमच्या चित्रावर इफेक्ट चढवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी लाँग एक्स्पोजरचा (शटर बराच वेळ उघडं ठेवल्याचा) शेडर, म्हणजे तसा इफेक्ट मिळतो. सेकंद ठरवले की तेवढ्या वेळातल्या फ्रेम्स तो स्वतःच मिसळतो. इतर गेम्समध्ये फोटो मोड उघडून मात्र वापरू नका, तिथे बहुतेकदा सगळं थिजलेलं असतं.

रात्रपाळी:
झटपट बघायला शेडर छान. तरी फ्रेम्स हाताशी असाव्यात असं माझं ठाम मत आहे. एखादी गाडी मध्येच थांबली की मॅक्सिममवर तिच्या दिव्यांचे भगभगीत डाग पडतात. तेवढ्या फ्रेम्स काढून टाकायच्या आणि पुन्हा स्टॅक करायचं. शेडरने एकदा मिसळलं की ते वेगळं करता येत नाही.