उन्हात फिरतीवर असणाऱ्यांनी बॅगेत काय ठेवायचं? पॉवर बँक फुगली राव

ठिबकवाला_चोपडा
राम राम मंडळी. मी ठिबकची सर्व्हिस करतो, चोपडा-यावल-रावेर असा रोज गाडीवर फेरा असतो, सकाळी ८ला निघालो की घरी यायला दिवेलागण होते. कामाचं सगळं फोनवरच आहे, शेताचं लोकेशन, फिल्टरचे फोटो, बिल, पेमेंट, आणि दिवसभर फोन वाजतच राहतो. मागच्या आठवड्यात दुपारी एका मळ्यात पोचलो, डिकीतून पॉवर बँक काढली तर कव्हरच्या सांध्यात नख जाईल एवढी फट पडलेली, हातात धरवत नव्हती इतकी तापलेली. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणे उन्हाने फुगली तर वॉरंटीत बसत नाही. बरं मी काय काश्मीरला फिरतो का, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४४-४५ ठरलेलंच आहे. नवीन घ्यायचीच आहे, पण तेवढ्यावर थांबत नाही, तुमच्या रोजच्या बॅगेत अशी कोणती वस्तू आहे की जिच्यावाचून तुमचं काम अडतं ते सांगा. जाहिरातीतलं नको, वापरलेलं सांगा.

अपडाऊन_भुसावळ
दादा पहिली गोष्ट, डिकी बंद. लिथियमच्या बॅटरीला गर्मी सर्वात वाईट, आयफोनवाले तर स्वतःच सांगतात की ० ते ३५ अंशातच वापरा, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. खांद्यावरच्या बॅगेत, सुती रुमालात गुंडाळून ठेव, पाण्याच्या बाटलीला लागून नको. आणि फोन तापला की काही जण सरळ फ्रीजमध्ये ठेवतात तसं करू नको, आत बाष्प धरतं. कव्हर काढायचं, सावलीत ठेवायचा, चार्जिंग काढून टाकायचं, दहा मिनिटात ठिकाणावर येतो.

आता घेताना काय बघायचं. डब्यावर २०००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज साठतो त्याचं माप) लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेलं असतं, फोनला जाताना ते ५ व्होल्ट किंवा वर चढतं आणि त्यात थोडं वायाही जातं, म्हणून १०००० वाल्यातून हातात साधारण ६-साडेसहा हजारच येतात. फसवलं असं समजू नको, हिशोबच तसा आहे. तुझ्या कामाला १०००० पुरे, वजन कमी, खिशात बसते. मोठी घेतलीस आणि कधी जळगावहून विमानाने जाणं झालं तर २०००० म्हणजे ७४ वॉट-अवर, १०० च्या आत आहे म्हणून चालते, पण हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या सामानात अजिबात नाही. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का बघूनच घे.

माझं स्वतःचं म्हणशील तर ६५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडच्या चिपचा, आकाराने छोटा) चार्जर. पूर्वी लॅपटॉपचा विटेएवढा अडॅप्टर घेऊन रोज अपडाऊन करायचो, आता मुठीत मावणाऱ्या एकाच चार्जरवर लॅपटॉप, फोन दोन्ही होतं. फक्त केबल बरोबरची पाहिजे, ६० वॉटच्या वर न्यायचं तर केबलमध्ये चिप असावी लागते, साध्या टाइप-सीने तेवढा करंट जातच नाही आणि लोक चार्जरला नावं ठेवतात. रात्रीच्या रेल्वेने जाणार असशील तर झोपायच्या आधी चार्ज करून घे, ११ ते ५ डब्यातले पॉइंट बंद ठेवतात.

अमळनेरकर
भाऊ तुन्हं खरं शे, मन्हा बी फोन असाच तापस. गाडीच्या हँडलवर होल्डर लावून मॅप चालू ठेवायचो, वरून ऊन, आतून जीपीएस, वर चार्जिंग पण चालू. आता एका कानात साधा वायरचा इयरफोन, फोन खिशात, रस्ता ऐकत जातो. दुसरा कान मोकळा ठेवायचा, मागून ट्रक येतो तो ऐकू आला पाहिजे.

अक्राणीचे_गुरुजी
मी धडगावकडे शाळेवर आहे. आमच्याकडे घाट चढला की रेंजचा भरवसा नाही, म्हणून माझी आवडती वस्तू म्हणजे वस्तू नाहीच, ऑफलाइन मॅप. नंदुरबारला वायफायवर अख्ख्या भागाचा नकाशा उतरवून घेतो. जीपीएसला नेट लागत नाही, फोन उपग्रहाचा सिग्नल नुसता ऐकतो, त्यामुळे रेंज शून्य असली तरी मी कुठे आहे ते कळतं. पाड्यावरच्या वाटा नकाशात बऱ्याचदा नसतात, तिथे मी स्वतः खूण टाकून ठेवलेली आहे, विद्यार्थ्याच्या घरी जायचं तर त्या खुणेवरून जातो. दुसरं, डोक्याला बांधायची बॅटरी. मोबाईलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो. पावसाळ्यात रात्री बाहेर पडलं की पाय कुठे पडतोय हे दिसणं फार महत्त्वाचं आहे, साप-विंचवाचा भाग आहे आमचा. दोन्ही हात मोकळे, उजेड पायाशी, एवढ्यासाठी मी ती कुणालाही उसनी देत नाही.

केळीबाग_रावेर
काय भो, मोटारीचं कोणीच नाही बोललं. माझी वस्तू बॅगेत नाही, विहिरीवर पेटीत आहे. मोबाईल स्टार्टर. त्यात सिम असतं, मी फोन लावला की मोटार चालू, परत लावला की बंद, आणि लाइट आली-गेली की मेसेज येतो. थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री, आधी रात्री २ला उठून मळ्यात जायचो, आता खाटेवरून करतो. एक फेज गेला तर मोटार आपोआप बंद पडते, नाहीतर वाइंडिंग जळालंच समजा. मे महिन्यात केळीला दोन दिवस पाणी चुकलं की पानं खाली लोंबतात, ते बघवत नाही. लग्नाला नाशिकला गेलो होतो तेव्हा मांडवातून मोटार चालू केली.

ठिबकवाला_चोपडा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. १०००० ची घेतो, होल्डर आजच काढला. त्या फुगलेलीचं काय करू? घरात लहान पोरं आहेत.

अपडाऊन_भुसावळ
चार्जिंगला अजिबात लावू नको, दाबू नको, टोचू नको. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेव, घराबाहेर, सावलीत. कचऱ्याच्या गाडीत टाकू नको, गाडीत दाबली गेली की पेट घेते. २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, त्यांच्याशी बोल, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे दे.

ठिबकवाला_चोपडा
तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून ठेवली, गोठ्याच्या मागे. सोमवारी जळगावला नेतो. केळीबाग अप्पा, बुधवारी तुमच्याच शिवारात दोन कामं आहेत, स्टार्टर दाखवाल का? आमच्या आबांच्या विहिरीवर बसवायचा विचार आहे, त्यांचं वय झालं, रात्रीचं जाणं आता नको वाटतं. तुमच्या विहिरीवर कोणत्या सिमला रेंज येते तेवढं आधी सांगा.