लेण्यांची जागा कोण ठरवतं: कातळ की वाट?

कातळवेडा
वेरूळचं कैलास लेणं पाहिल्यापासून माझं मत पक्कं आहे. जागा राजा निवडत नाही, कातळ निवडतो. राष्ट्रकूट कृष्ण पहिला कितीही श्रीमंत असो, शिखरापासून खाली खोदत यायचं तर पोटात भेगा नसलेला जाड बेसॉल्ट हवाच. फुटलेला हत्ती परत जोडता येत नाही.

नाणेघाटी
अहो, महाराष्ट्रातला जवळपास अख्खा सह्याद्री बेसॉल्टचाच आहे! मग जुन्नरभोवती दोनशेच्या वर लेणी का? नाणेघाटामुळे, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेमुळे. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं कोरलेली आहेत. पैसा वाटेने येतो. पितळखोऱ्याचा कातळ कच्चा, तरी खोदलंच ना?

कातळवेडा
खोदलं, आणि दर्शनी भाग कोसळला! माझा मुद्दा तुम्हीच मांडलात :) बेसॉल्ट म्हणजे सगळा एकसारखा नसतो. लाव्हाचे थर एकावर एक, मध्ये कुठे लाल मातीचा ठिसूळ पट्टा, कुठे पोकळ्यांचा भुसभुशीत दगड. वाटेने तालुका ठरला असेल, कडा आणि उंची कातळानेच.

वाघोराकाठ
दोघंही खोदण्यावरच अडलात. टिकण्याचं काय? कार्ले-भाज्यात छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं शाबूत आहेत, कारण कातळाच्या पोटात घाटमाथ्याचा पाऊस पोचत नाही. याउलट अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२चं, बांधीव आणि उघड्यावर. दगड तोच काळा, पण शिल्पांचे चेहरे झिजलेत.

नाणेघाटी
चेहरे झिजायला पाऊसच कशाला हवा? शेजारच्या वालधुनी नदीत कारखान्यांचं सांडपाणी येतंय. घारापुरीच्या मूर्ती पोर्तुगीज काळात फुटल्या, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने नव्हे. आणि अजिंठ्यात निजामाने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर वॉर्निश चढवलं, ते पिवळं पडलं. यात भूगर्भशास्त्र कुठे आलं?

वाघोराकाठ
अजिंठ्याची चित्रं थेट कातळावर नाहीत, माती-भुशाच्या लेपावर आहेत. पावसाळ्यात भेगांतून पाणी झिरपलं की लेप सुटतो, वॉर्निश असो-नसो. तेव्हा आधी डोंगरावरच्या पाण्याला वाट काढून द्या, मग तज्ज्ञांना शिव्या घाला.

नाणेघाटी
पाण्याची वाट काढायलाही निधी लागतो. आलात ना परत पैशावर?