संशोधनाचा डेटा कुठे ठेवावा? (बडोदा, विश्वामित्रीचं काम)

कारेलीबाग_लॅब:
नमस्कार मंडळी. विश्वामित्री नदीच्या पाण्याच्या दोन वर्षांच्या नोंदी (सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता), पाण्यातले जिवाणू ओळखायच्या डीएनए वाचनाच्या (१६एस सिक्वेन्सिंग) ३८ जीबी कच्च्या फाइली, मगरी दिसल्या तिथले जीपीएस बिंदू आणि काठच्या वस्त्यांतल्या ४० मुलाखती, एवढा ऐवज आहे. जर्नलला डीओआय (डेटाचा कायमचा ओळख-क्रमांक) हवा, गाईडना फुकट हवं. डेटा ठेवायच्या साइटांपैकी कुठली घेऊ: झेनोडो, ड्रायड की फिगशेअर?

मांडवीकर:
सगळं एकाच जागी कोंबू नका. कच्च्या फाइली एसआरएमध्ये (अमेरिकेच्या एनसीबीआय संस्थेचा सिक्वेन्सिंग डेटाचा साठा) जाऊ द्या, या विषयातली पुष्कळ जर्नलं तेच मागतात. तिथे आधी बायोप्रोजेक्ट (प्रकल्पाची नोंद), मग प्रत्येक नमुन्याचं बायोसॅम्पल (नमुन्याची नोंद), शेवटी फाइली. बायोसॅम्पलच्या तक्त्यातल्या दोन ओळी नमुन्याचं नाव सोडून हुबेहूब सारख्या निघाल्या की सबमिशन अडतं, म्हणून तारीख, ठिकाण, रेप्लिकेटचा (त्याच नमुन्याची कितवी प्रत) रकाना भरा. अनुदान डीबीटीचं (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं) असेल तर फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरबद्दलच्या अटी आधी वाचा.

बाकीचं झेनोडोवर. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं आहे, फुकट आहे, एका नोंदीत ५० जीबी आणि १०० फाइली मावतात. ड्रायड पैसे घेतं, शिवाय परवाना सीसी-झिरोच, म्हणजे डेटावरचे सगळे हक्क सोडायचे. फिगशेअरही चालेल, तुमच्या कामाला फारसा फरक नाही.

डीओआय मसुद्यातच राखून ठेवता येतो. तो लेखात टाका, रिव्ह्यूअरला मसुद्याचा दुवा द्या आणि रिव्ह्यू आटोपल्यावरच पब्लिश करा. झेनोडो दोन डीओआय देतं, एक सगळ्या आवृत्त्यांचा आणि एक त्या-त्या आवृत्तीचा. लेखात दुसरा द्यायचा. नाहीतर तुमचे तक्ते जुन्या आकड्यांवरचे आणि वाचक उघडणार नवी फाइल.

सुरसागर_कट्टा:
मगरींचं जरा जपून. वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधला संरक्षित प्राणी, अचूक बिंदू म्हणजे घरट्याचा पत्ताच. अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांवर आणा, साधारण एक किलोमीटरचा ढोबळपणा येतो. फोटो देणार असाल तर त्यातली एक्झिफ माहिती (फोटोच्या फाइलीत लपलेली जागा, वेळ वगैरे) पुसा. तक्ता ढोबळ आणि फोटोत अचूक जीपीएस, हा घोळ हमखास होतो.

मुलाखतींचा ऑडिओ नकोच. नुसती नावं खोडून भागत नाही. "अमुक वस्ती, वय ६२, भाजीवाली" एवढ्यावर गल्लीतलं पोरही ओळखेल. संमतीपत्रात डेटा इतरांना देण्याचं वाक्य नसेल तर लेखी उतारेही टाकू नका.

आणि एक्सेल! साध्या 'सीएसव्ही'त सेव्ह केलं की मराठी-गुजराती नावांच्या जागी ????? उमटतात, त्या फाइलमधून ती परत मिळत नाहीत. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा आणि नोटपॅडमध्ये उघडून बघा.

कारेलीबाग_लॅब:
आभार! डेटासोबतच्या माहितीच्या फाइलीत (रीडमी) काय काय लिहू?

मांडवीकर:
प्रत्येक रकान्याचं नाव, एकक, मोजायची पद्धत. रिकाम्या घराचा अर्थ तर लिहाच: मोजलंच नाही, की यंत्राच्या मर्यादेखाली आलं? दोन्हीकडे ० भरलंत तर सरासरी खोटी येईल. पहिली तालीम झेनोडोच्या सँडबॉक्सवर (सरावाची वेगळी साइट) करा, फक्त तिथला डीओआय लेखात जाऊ देऊ नका, तो खरा नसतो.