टेम्प्लेटची शिफारस करून कमिशन घ्यावं का?

शिरोरेघ (कोथरूड)

सहा वर्षं मी छोट्या व्यावसायिकांसाठी मराठीत ब्लॉग लिहिते आहे. आपली वेबसाइट आपण कशी उभी करावी, कोणतं टेम्प्लेट, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, घ्यावं, हा विषय. काही टेम्प्लेटना माझी अफिलिएट लिंक असते. वाचकानं त्या लिंकवरून जाऊन ठरावीक मुदतीत, बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांत, खरेदी केली की विक्रेता मला कमिशन देतो. वाचकाला एक पैसाही जास्त पडत नाही. गेल्या वर्षी यातून ४१ हजार रुपये मिळाले.

मार्चमध्ये सदाशिव पेठेत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका काकूंचा फोन आला. "तू लिहिलंस तेच घेतलं गं, पण अक्षरं तुटक तुटक दिसतायत." जाऊन पाहिलं. मथळ्यातल्या अक्षरांमध्ये टेम्प्लेटनं मुद्दाम अंतर सोडलं होतं. इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेघेचे तुकडे पडतात. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापानं बेतलेली, त्यामुळे 'दर्जेदार'चा रफार आणि 'पुरणपोळी'ची वेलांटी वरून कापली गेली होती. टेम्प्लेटच्या फाँटमध्ये देवनागरीच नव्हती, म्हणून काकूंच्या फोनवर एक वळण आणि त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपवर दुसरंच.

मी त्या टेम्प्लेटचा फक्त इंग्रजी नमुना पाहिला होता. काकूंचे साडेचार हजार गेले आणि त्यातला वाटा माझ्या खात्यात आला. तो मी त्यांना परत दिला, साइटही नीट करून दिली. पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

माझं मत असं झालंय की कमिशन जरूर घ्यावं, पण टेम्प्लेट स्वतः विकत घेऊन, त्यात मराठी मजकूर भरून, आठ-दहा हजारांच्या साध्या फोनवर पाहिल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहू नये. तुम्हाला काय वाटतं?

नारायणपेठी

ताई, काकूंचे पैसे परत केलेत ते योग्यच केलंत. तरी मला तुमचं म्हणणं पटत नाही. तुम्ही तपासणीचं बोलताय, माझा आक्षेप त्याच्या आधीचा आहे. कोणत्या टेम्प्लेटवर लिहायचं हे कोण ठरवतं?

पोळी-भाजी केंद्राला काय लागतं? आजचा मेनू, वेळ, फोन नंबर आणि पत्ता. एक पान. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या मूळ थीम (टेम्प्लेटना तिथे थीम म्हणतात) फुकट असतात, जवळजवळ दर वर्षी एक नवी येते, आणि एवढ्या कामाला त्या पुरून उरतात. पण फुकट थीमवर कमिशन नाही, म्हणून तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही. सगळे लेख विकाऊ थीमवर. तुम्ही एक शब्दही खोटा लिहिला नसेल, तरी वाचकापुढे दुकानाचा अर्धाच भाग मांडला गेला.

पुणे स्टेशनला उतरलेल्या पाहुण्याला रिक्षावाला "चांगलं लॉज आहे" म्हणून नेतो. लॉज वाईट असतंच असं नाही. पण त्याला कमिशन न देणारं शेजारचं स्वस्त लॉज पाहुण्याला कधीच दिसत नाही.

सल्ला द्यायचा तर तासाचे पैसे घ्या. पाचशे रुपये घ्या, हजार घ्या. पैसे देणारा समोर असला की सल्ला त्याच्यासाठीच दिला जातो.

हडपसरवासी

तासाचे पैसे घ्या म्हणणं सोपं आहे. मी दोन वर्षं प्रयत्न केला. लोक फोनवर पाऊण तास विचारतात, आणि फी सांगितली की "बघून कळवतो". वाचकांनी स्वखुशीनं द्यावं म्हणून लेखांखाली क्यूआर कोडही लावला. वर्षभरात डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा, खर्चसुद्धा निघाला नाही. मराठी पानांवरच्या जाहिरातींतून काय मिळतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

एक थीम नीट तपासायची म्हणजे ५०-६० डॉलर आधी खिशातून जातात. मग दोन-तीन दिवस बसायचं, फोटो भरायचे, पान उघडायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गुगलच सांगतं. हे सगळं कुणी फुकट करणार नाही. कमिशन बंद केलंत तर मराठीत तपासून लिहिणारेच थांबतील, आणि काकू इंग्रजीतली 'सर्वोत्तम दहा' यादी वाचून घेतील. त्या यादीवाल्यानं देवनागरीचा एक शब्द तरी टाकून पाहिला असेल का?

माझा पाठिंबा शिरोरेघ यांना.

दुरुस्तीवाला

बिघडलेल्या साइट दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून वेगळी बाजू सांगतो. कमिशन पहिल्या दिवशी मिळतं, थीमचा दोष दुसऱ्या वर्षी दिसतो. थीम विकणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत थीमबरोबर मदतीची मुदत सहा महिन्यांची असते. पुढच्या मदतीसाठी वेगळे पैसे. हे शिफारशीच्या लेखात क्वचितच वाचायला मिळतं.

डिसेंबर २०१४ आठवा. स्लायडर रिव्होल्यूशन हा सरकती चित्रं दाखवणारा प्लगइन (साइटला जोडायचा जादा प्रोग्रॅम) अनेक विकाऊ थीममध्ये आतच बसवलेला असायचा. त्यातल्या त्रुटीतून एक लाखाहून जास्त वर्डप्रेस साइटमध्ये घातक कोड शिरला, आणि गुगलनं ११ हजारांहून जास्त डोमेन काळ्या यादीत टाकले. दुरुस्ती कित्येक महिने आधीच निघाली होती! पण ज्यांना प्लगइन थीमसोबत आयता मिळाला होता, त्यांच्यापर्यंत ती आपोआप पोचत नव्हती. आपल्या साइटमध्ये तो आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हतं.

कमिशनला माझा विरोध नाही. पण ज्या थीमवर पैसे घेतलेत तिच्यावरचा लेख दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. थीमचं शेवटचं अपडेट कधी आलं, आत कोणते प्लगइन कोंबलेत, हे लिहा. आणि थीम मरणपंथाला लागली असेल तर लिंक काढून टाका, लेख कितीही कमाई देत असला तरी.

हिशेबतपासनीस (टिळक रोड)

कायद्याचा भाग थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. आपला आर्थिक संबंध असेल तर तो सहज नजरेत भरेल असा सांगायचा, हे जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही स्पष्ट केलं आहे. लेख मराठीत आणि कमिशनची कबुली तळाशी बारीक इंग्रजीत, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. काकूंना ती वाचता यायला हवी.

गुगलनंही २०१९ पासून अशा लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण दिली आहे, ती लिंकच्या कोडमध्ये लावा. आणि डॉलरमध्ये आलेलं कमिशन हेही उत्पन्नच, विवरणपत्रात दाखवा.

तुळशीबाग

माझं दागिन्यांचं छोटं दुकान आहे. तुम्ही सगळे आमच्या वतीनं बोलताय, म्हणून लिहिते. तुम्ही कमिशन घेता याचं मला वाईट वाटत नाही, आम्हीही मालावर नफा लावतोच. पण टेम्प्लेटची किंमत वाचून मी साइट केली, आणि वर्ष संपल्यावर होस्टिंगचं (साइट ठेवायच्या जागेच्या भाड्याचं) नूतनीकरण पहिल्या वर्षाच्या जवळपास तिप्पट निघालं. डोमेन वेगळं, मदतीची मुदत वाढवायची तर तेही वेगळं. पहिल्या तीन वर्षांचा एकूण खर्च किती, हे मला कुठल्याच लेखात सापडलं नाही. तेवढं सांगाल का?

शिरोरेघ (कोथरूड)

तुळशीबाग ताई, सांगते. पुढच्या लेखापासून तीन वर्षांचा खर्च एकत्र मांडेन, आणि जुन्या नऊ लेखांतही भरेन.

दुरुस्तीवाला, तुमचं वाचून काल रात्री जुने लेख उघडले. दोन थीमना वर्षभर अपडेट नाही. दोन्ही लिंक काढल्या.

नारायणपेठी, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो खरा आहे. सहा वर्षांत मी फुकट थीमवर एकच लेख लिहिला. आता प्रत्येक लेखात आधी फुकट थीम येईल, आणि ती कुठे कमी पडते ते दाखवता आलं तरच विकाऊ थीमचं नाव घेईन. कमिशन मात्र सोडणार नाही. त्याच पैशातून मी पुढची थीम विकत घेऊन तपासते.

हडपसरवासी, एक भर घाला तुमच्या तपासणीत. पानाची भाषा 'मराठी' म्हणून नोंदवता येते का ते बघा. नोंदवली नाही तर काही फाँटमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. काकूंच्या 'लसणाची चटणी'त मला ते फार खटकलं होतं. तिथे मी 'मुक्त' फाँट बसवला, आता नीट दिसतं.

नारायणपेठी

फुकट थीम आधी, हे मान्य. कमिशनबद्दल माझं मत तेच आहे. घेणारच असाल तर 'कमिशन मिळतं' एवढं मोघम लिहू नका. आकडा लिहा, आणि लेखाच्या पहिल्या ओळीत लिहा.

शिरोरेघ (कोथरूड)

लिहिते. आज सकाळी पहिल्या लेखाच्या माथ्यावर हे घातलं: "या लेखातल्या लिंकवरून तुम्ही हे टेम्प्लेट घेतलंत तर मला सुमारे १,३०० रुपये मिळतात. लिंक न वापरता घेतलंत तरी किंमत तीच. मी हे स्वतः विकत घेऊन मराठी मजकुरासह तीन फोनवर पाहिलं आहे, आणि फुकटचा पर्याय खाली पहिला दिला आहे."