सिरियल कन्सोलमुळे व्हीएम अडकते, काट्याचं वजन उशिरा येतं – मदत हवी आहे

नमस्कार. मी निपाणीचा, आमच्या सीमाभागातल्या एका ऊसकाट्यावरचं संगणकाचं काम बघतो. काट्याचं सॉफ्टवेअर केव्हीएमवर (लिनक्समधली आभासी संगणक चालवायची सोय) चालणाऱ्या लिनक्स व्हीएममध्ये, म्हणजे आभासी संगणकात आहे, तिला एकच सीपीयू दिलाय. काटा यूएसबी-सिरियल वायरीने त्याच व्हीएमला जोडलाय.

सकाळी दहाला ऑफिस भरलं की त्रास सुरू. इंडिकेटरवर २१,४६० किलो स्थिरावलेलं असतं आणि पडद्यावर तीन-चार सेकंद आधीचाच आकडा. ट्रॅक्टरवाला खालून "एष्टायतु?" (किती झालं?) विचारतो, मला सांगता येत नाही. मागे गाड्यांची रांग. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजन घटतं, ते नुकसान शेतकऱ्याचं, म्हणून जीव तुटतो.

त्याच वेळी टीटीवायएस० कन्सोल, म्हणजे व्हीएमच्या सिरियल पोर्टवरचा मजकुराचा पडदा, उघडला तर फायरवॉलच्या लॉग ओळी धो धो येताना दिसतात, ऑफिसातल्या यंत्रांच्या ब्रॉडकास्टच्या (सगळ्यांना एकदम पाठवलेल्या संदेशांच्या). कन्सोलचा वेग ९६०० होता तो ११५२०० केला, काडीचा फरक नाही. कन्सोल काढायची मात्र हिंमत होत नाही. मागे लाइट गेल्यावर व्हीएम एफएससीकेला (डिस्क तपासणीला) अडकली होती, तेव्हा त्याच्यावरूनच सोडवली. काय करू?

प्रतिसाद

दादा, वेगाचा इथे संबंध नाही. व्हीएममधला सिरियल पोर्ट नकली असतो. एकेका अक्षरासाठी कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी पोर्ट रिकामा आहे का विचारतो, मग अक्षर टाकतो, आणि दोन्ही वेळा सीपीयू व्हीएममधून बाहेर क्यूईएमयूत, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन परत येतो. दोनशे अक्षरांची ओळ म्हणजे चारशे फेऱ्या. तेवढा वेळ तुमचा एकुलता सीपीयू काट्याकडे बघत नाही.

आत्ताच 'डीमेसेज -एन ४' ही कमांड द्या, कर्नलचे कोणते संदेश कन्सोलवर जायचे ते ती ठरवते. फायरवॉलचा लॉग मुळात ४ म्हणजे वॉर्निंग पातळीचा असतो. कन्सोलवर ४ पेक्षा खालचा आकडा, म्हणजे जास्त गंभीर संदेशच जातील, बाकीचे कर्नलच्या नोंदींत राहतीलच, नुसतं 'डीमेसेज' दिलं की दिसतील. कायमसाठी ग्रबमधल्या (बूट होताना कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) कर्नलच्या ओळीत 'लॉगलेव्हल=४' घाला. लॉगिन आणि एफएससीकेचे प्रश्न कर्नलचे नसतात, ते दिसत राहतील. त्या लॉग नियमालाही लिमिट लावा.

सगळे संदेश हवेच असतील तर व्हीएमसाठीच बनवलेला व्हर्टिओ कन्सोल, म्हणजे एचव्हीसी०, बघा. तो सामायिक मेमरीतून गठ्ठ्याने पाठवतो. फक्त बूट होताना त्याचा ड्रायव्हर चढेपर्यंत त्यावर काही दिसत नाही, आणि दोन्ही कन्सोल लावले तर जुन्याचा खर्च तसाच राहतो.

धागाकर्ता

'-एन ४' दिलं. साडेदहाला इंडिकेटर आणि पडदा बरोबर थांबले, गाडी लगेच खाली उतरली. ग्रबची ओळ आज रात्री काटा बंद झाल्यावर बदलतो. मनापासून आभार, दादा.