ताडोबा: दिवाळीत जावं की मेपर्यंत थांबावं?

ठाणेकर_पाखरू
नमस्कार मंडळी, आई (वय ६८), आम्ही दोघं आणि आठ वर्षांची लेक असं ताडोबाला जायचं डोक्यात आहे. सुट्ट्या दोनदाच जुळतात, दिवाळी नाहीतर मे. ऑफिसातला मित्र म्हणतो दिवाळीत नुसतं गवत बघून याल, वाघ हवा तर मेच. पण चंद्रपूरचा मे म्हटल्यावर इथेच घाम फुटतोय, आई उघड्या जिप्सीत तीन-चार तास बसेल का? लेकीला वाघच हवाय, बाकी काही चालणार नाही :) कोअर (जंगलाचा आतला गाभा) घ्यावं की बफर (त्याभोवतीचा पट्टा) तेही सांगा.

भटका_जीव
मित्र खोटं नाही सांगत. मेमध्ये पानगळ झालेली, नाले आटलेले, त्यामुळे वाघ पाणवठा सोडून फारसा लांब जात नाही, भर दुपारी पाण्यात उलटा शिरून कमरेपर्यंत बुडून बसतो. दिवाळीत पाणी जागोजागी आणि गवत उंच, मग तो कुठेही असू शकतो. पण दिसतच नाही असं अजिबात नाही हां, थंडीत सकाळी गवत दवाने भिजलेलं असतं तेव्हा त्यालाही रस्त्यावरून चालणंच बरं वाटतं, आणि समोरून चालत येणारा वाघ बघायची मजा पाणवठ्यावर झोपलेल्या वाघात नाही, माझं तरी हेच मत.

वरोऱ्याची_माय
आईला मेमध्ये नका आणू बाप्पा! आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते. सकाळची फेरी एकवेळ जमते, दुपारची नाही जमत, गाडीवर छत नसते आणि वारा पण गरमच लागते. दिवाळीतच या, फक्त पहाटे स्वेटर-कानटोपी घाला, उघड्या गाडीत थंडी अंगात शिरते. मंगळवारी कोअर बंद असते, ते बघूनच रेल्वेची तिकिटं काढा. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, फोटो पाहिजे तर कॅमेरा आणा.

शीळकरी
सगळे वाघावरच अडकलेत. जूनच्या सुरुवातीला या की, नवरंग पक्षी आलेला असतो, त्याची शीळ ऐकू येते, स्वर्गीय नर्तक पक्षी लांब शेपटी मिरवत फिरतो.

वरोऱ्याची_माय
@शीळकरी जूनच्या सुरुवातीला पण भट्टीच असते हो, आईचं वय तर बघा.

शीळकरी
बरं बरं, दिवाळी. मग बुकिंग उघडलं की लगेच करा, सुट्टीत कोअर पटकन भरतं. नाहीच मिळालं तर आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची गेटं आहेत, वाघाला कुठे हद्द कळते. कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं तेव्हाही बफर चालू असतं, त्यामुळे तिथले गाईड बारमाही जंगलात. आणि लेकीला कॉल, म्हणजे शिकारी प्राणी दिसला की हरणं देतात तो इशाऱ्याचा आवाज, ओळखायचा नाद लावा. चितळ बिबट्याला, रानकुत्र्यांनाही ओरडतं, कधी उगाचच, पण सांबर ओरडलं की वाघ जवळ असेल म्हणून गाईड गाडी बंदच करतो. ते दहा मिनिटं चुपचाप कान देऊन बसणं पोरांना भलतंच आवडतं, वाघ निघो न निघो.

ठाणेकर_पाखरू
सगळ्यांना धन्यवाद. भाऊबीज आटपून निघतो, एक सकाळ कोअर, एक बफर, दुपारी आई आराम करेल. लेकीने आत्तापासूनच यूट्यूबवर सांबराचा आवाज लावून घर डोक्यावर घेतलंय. मोहर्ली गेटजवळ पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशी राहायची जागा कुणाला माहीत आहे का?