तोलेदोला आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मेमध्ये आईसोबत माद्रिदला जातोय, तिथून तोलेदो करायचंच आहे. आई इतिहासाची निवृत्त शिक्षिका, वय 71. एकाच गावात मशीद, सिनेगॉग आणि कॅथेड्रल चालत बघता येतात, हे तिने वर्गात कित्येकदा सांगितलंय. आता तिला ते प्रत्यक्ष दाखवायचंय.

तिचा सगळा जीव सांता मारिया ला ब्लांकामध्ये अडकलाय. ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मुस्लिम धाटणीच्या नालाकृती कमानी, पुढे त्याचं चर्च झालं. फोटोतले ते पांढरे अष्टकोनी खांब ती मोठे करकरून बघते. शिवाय 999 सालची क्रिस्तो दे ला लूस मशीद, जिच्या दर्शनी भिंतीवर विटांमध्येच अरबी अक्षरं बसवलीत. आणि 12 व्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले ते हेच गाव, म्हणून नुसतं गल्ल्यांतून फिरायलाही वेळ हवाय.

अडचण गुडघ्यांची. गाव टेकडीवर, गल्ल्या चढाच्या आणि दगडी. माद्रिदहून ट्रेनने अर्धाच तास लागतो, तरी एक रात्र मुक्काम करावा का? वर जायला सरकते जिने आहेत असं वाचलंय. ते उतरल्यावर ज्यू वस्तीपर्यंत किती चढ लागतो? कुठून सुरुवात केली तर उतारच जास्त मिळेल? कॅथेड्रल मोठं आहे, ते वेगळ्या दिवशी ठेवावं का?

आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. तिथल्या मार्झिपान या बदामाच्या मिठाईवर दिवस निघणार नाही! वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.